वेब फ्रेमवर्कचे सुलभ इन्स्टॉलेशन

वेबसाइट उभारण्यासाठी लागणारा तयार सांगाडा म्हणजे वेब फ्रेमवर्क. तो संगणकावर टाकण्यापासून पहिले पान ब्राउझरमध्ये दिसेपर्यंतचे टप्पे नवशिक्यासाठी कमी करणे, म्हणजे सुलभ इन्स्टॉलेशन. शिकणाऱ्यांची खरी गळती याच टप्प्यांत होते. कोड अवघड वाटला म्हणून सोडणाऱ्यांपेक्षा कोडपर्यंत पोचलेच नाहीत अशांची काळजी आधी करायला हवी. जळगाव, धुळे व नंदुरबार या खान्देशी जिल्ह्यांत ही अडचण जास्त जाणवते. कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करायचे तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो आणि घरी अनेकांकडे जुना लॅपटॉप व मोबाइलचा हॉटस्पॉट एवढेच असते.

या दिशेने मोठे काम झॅम्पने केले. 2002 मध्ये आलेल्या या संचात अपाची (पाने ब्राउझरला पुरवणारा सर्व्हर), डेटाबेस आणि पीएचपी व पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषा एकत्र मिळू लागले. 'एचटीडॉक्स' फोल्डरमध्ये फाइल ठेवायची, कंट्रोल पॅनेलमधून अपाची सुरू करायचे, की पान दिसते. पुढे 2004 मध्ये रुबी भाषेतला रेल्स व 2005 मध्ये पायथन भाषेतला जँगो हे फ्रेमवर्क आले. त्यांत एका आदेशाने प्रकल्पाचे सगळे फोल्डर तयार होतात आणि चाचणीचा सर्व्हर सोबतच मिळतो. पायथनचाच छोटा फ्रेमवर्क फ्लास्क (2010) एका फाइलीत चालतो, तर जावास्क्रिप्टचा फ्रेमवर्क व्ह्यू (2014) वापरून पाहायला पानात एक स्क्रिप्ट टॅग पुरतो. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा प्रकल्प उभारण्यासाठी 2016 मध्ये आलेले 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप' बरीच वर्षे रूढ होते; 2025 मध्ये ते कालबाह्य ठरवले गेले. नव्या प्रकल्पांसाठी आता विट (2020) हे तशाच कामाचे साधन सर्रास वापरले जाते.

साधने सुधारली तरी विंडोजवरचे दोन अडथळे अजून पुष्कळांना थांबवतात. पायथन टाकताना पहिल्याच पडद्यावर खाली 'अ‍ॅड टू पाथ' हा चौकोन असतो; त्यामुळे पायथन कुठे आहे ते विंडोजला कळते. तो टिक करायचा राहिला, तर 'पायथन' टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते आणि इन्स्टॉल झालेच नाही असे वाटते. दुसरा अडथळा पॉवरशेलचा, म्हणजे आदेश टाइप करण्याच्या विंडोजच्या खिडकीचा. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पाच्या पॅकेजांसाठी पायथनची वेगळी जागा) सुरू करताना 'या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवणे बंद आहे' अशा अर्थाचा लाल मजकूर येतो. तेच काम साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये केले की बहुधा विनातक्रार होते. इतकी छोटी गोष्ट मार्गदर्शिकेत आधीच लिहिलेली असेल, तर विद्यार्थ्याची अख्खी दुपार वाचते.

ब्राउझरमध्येच फ्रेमवर्क चालवण्याची सोयही आता आहे. स्टॅकब्लिट्झ या ऑनलाइन कोडिंगच्या सेवेने 2021 मध्ये नोड (एरवी ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारे साधन) ब्राउझरच्या आत चालवून दाखवले. त्यासाठी काहीच इन्स्टॉल करावे लागत नाही, पण नेट हवे. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुव्याकडे रेंज जाते-येते, तिथे याचा भरवसा धरता येत नाही.

अशा ठिकाणी पेन ड्राइव्ह अधिक कामाचा. जँगोचा आवाका मोठा असला तरी पायथनखेरीज त्याला स्वतःच्या पॅकेजसोबत एएसजीआयरेफ, एसक्यूएलपार्स व विंडोजवर टीझेडडेटा एवढीच पूरक पॅकेजेस लागतात. जिथे नेट चांगले आहे तिथे पिप या पायथनची पॅकेजेस आणणाऱ्या साधनाच्या 'पिप डाउनलोड' आदेशाने या फाइली उतरवायच्या आणि गावी 'नो-इंडेक्स' व 'फाइंड-लिंक्स' हे पर्याय देऊन त्याच फोल्डरमधून बसवायच्या. दोन्हीकडे पायथनची आवृत्ती एकच ठेवावी आणि पायथनचा इन्स्टॉलरही ड्राइव्हवर असावा. डेटाबेस वेगळा लागत नाही, कारण एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पायथनसोबतच येतो. नोडच्या प्रकल्पांना हे तितके सोपे नाही. पॅकेजेस ठेवण्याच्या 'नोड मॉड्यूल्स' फोल्डरमध्ये हजारो बारीक फाइली साठतात आणि कॉपी रखडते, म्हणून त्याची आधी झिप करतात.

कार्यशाळांनी याला माणसाची साथ जोडली. 2009 मध्ये सुरू झालेल्या, रेल्स शिकवणाऱ्या रेल्सब्रिज या उपक्रमाने शिकवण्याच्या आदल्या संध्याकाळी फक्त इन्स्टॉलेशनची बैठक ठेवण्याची पद्धत पाडली; 2014 मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या जँगो गर्ल्सच्या कार्यशाळांतही अशी पूर्वतयारी करून घेतात. खान्देशातील कॉलेजांनी ही पद्धत जरूर उचलावी. अशा बैठकीत सूचना मराठीत, जमल्यास तोंडी अहिराणीत द्याव्यात, पण एररचा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा ठेवावा. तोच मजकूर शोधून विद्यार्थ्याला पुढे स्वतः उत्तर काढायचे असते.