एकाच बाजूने वल्हवायचं आणि तरी सरळ जायचं

तलावावर भाड्याची होडी घेऊन कधी फक्त उजव्या बाजूने वल्हवून पाहिलंय? चार-पाच हात मारले की होडी डावीकडे वळते आणि मग गोल फिरत बसते. ढकलणारं बल मध्यरेषेच्या बाजूला लागतं, त्यामुळे होडी पुढे जाते तशी फिरतेही.

कॅनो या होडीच्या शर्यती खेळणाऱ्या हंगेरीच्या ग्योर्गी कोलोनिचने सगळी कारकीर्द या फिरण्याशी झुंजण्यात घालवली. 15 जागतिक अजिंक्यपदं आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याच्या नावावर आहेत. कॅनो म्हणजे कयाक नव्हे, ही गल्लत आपल्याकडे नेहमी होते. कयाकमध्ये बसायचं असतं, वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात आणि शर्यतीच्या कयाकला पायाने फिरवायचं सुकाणू असतं. शर्यतीच्या कॅनोत एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे रोवून एकाच पात्याचं वल्हं मारायचं, तेही अख्खी शर्यत एकाच बाजूला. सुकाणू नाहीच. हात पूर्ण मागे आला की खेळाडू मनगटाने दांडा किंचित पिळतो. पातं क्षणभर पाण्यात होडीला समांतर धरलं जातं आणि होडीचं तोंड परत जागेवर येतं. तेवढ्यापुरतं ते पातंच सुकाणू. पण फुकट काही नाही, प्रत्येक दुरुस्तीत थोडा वेग जातो.

मग दोघांनी बसावं, एकाने डावीकडे, दुसऱ्याने उजवीकडे! फिरवणारी बलं बऱ्याच अंशी एकमेकांना खातात. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कोलोनिच आणि चाबा होर्वात यांनी जोडीची 500 मीटर शर्यत 1 मिनिट 40.42 सेकंदांत जिंकली. रौप्य मिळवलेली मोल्दोवाची जोडी 0.036 सेकंद मागे होती. ताशी सुमारे 18 किलोमीटरच्या वेगाने हिशेब केला तर हे अंतर 18 सेंटिमीटर भरतं, म्हणजे एक वीतसुद्धा नाही.

त्याच पाण्यावर एकट्याची 500 मीटर शर्यत चेक प्रजासत्ताकाच्या मार्टिन डोक्टरने 1:49.93 मध्ये जिंकली. माणसं दुप्पट, पण वेग जेमतेम साडेनऊ टक्क्यांनी जास्त. असं का? पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, तर लागणारी शक्ती घनाने. त्यामुळे शक्ती दुप्पट केली तरी वेग फार तर 26 टक्क्यांनी वाढेल, आणि तोही होडी तीच राहिली तर. जोडीची होडी लांब असते, दोघांच्या वजनाने जास्त बुडते, जास्त पाणी घासते. उरलेला फायदा तिथे संपतो.

माझ्या मते कोलोनिचची सगळ्यात बोलकी शर्यत मात्र सिडनीची, 2000 सालची. तिथे तो एकटा होता आणि 500 मीटरचं सुवर्ण त्याने 2:24.81 मध्ये मिळवलं. अटलांटातल्या डोक्टरपेक्षा जवळजवळ 35 सेकंद जास्त! आधीच वाऱ्यामुळे त्या दिवशीच्या शर्यती लांबल्या होत्या. गुडघ्यावर ताठ बसलेला माणूस वाऱ्यासमोर शिडासारखा असतो, आणि त्याच्याखाली असते ती त्या काळच्या नियमाने किमान 16 किलोची, 5.2 मीटरपर्यंत लांबीची अरुंद होडी. त्यात एक हात मारून पुढचा मारेपर्यंत वल्हं हवेत असतं, तेव्हा ढकलायला कोणीच नसतं. समोरचा वारा आणि लाटा नेमक्या त्याच क्षणी वेग खातात, तो पुढच्या हाताला भरून काढावा लागतो. घनाच्या नियमामुळे असा कमी-जास्त होणारा वेग एकसारख्या वेगापेक्षा महागच पडतो.

2004 मध्ये अथेन्सला ग्योर्गी कोझमनबरोबर त्याने 1000 मीटरचं कांस्य जिंकलं. बीजिंगचीही तयारी दोघं करत होते. 15 जुलै 2008 रोजी बुडापेस्टमध्ये सराव करताना कोलोनिचचा मृत्यू झाला, तेव्हा तो 36 वर्षांचा होता. ऑलिंपिक महिन्यावर आलं होतं. जोडीच्या होडीत साथीदार बदलणं सोपं नसतं, कारण दोघांची पाती एकाच क्षणी पाण्यात शिरावी लागतात. तमाश किश कोझमनसोबत होडीत बसला आणि ऑगस्टमध्ये बीजिंगला त्या जोडीने 1000 मीटरचं कांस्यपदक जिंकलं.