बर्गेनमध्ये सहा तास : बोटीवरून उतरणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी

नॉर्वेच्या फ्योर्ड क्रूझवर बर्गेनचा थांबा बहुधा एका दिवसाचाच असतो. बोट सकाळी लागते आणि संध्याकाळी सुटते. चढण्या-उतरण्यातला वेळ वजा केला तर हातात पाच-सहा तास उरतात. तेवढ्यात सगळं शहर पाहून होत नाही, आणि तसा प्रयत्न करूही नका. एक डोंगर, एक जुना धक्का आणि गरम काहीतरी खाणं एवढं निवांत केलंत तरी बर्गेन लक्षात राहतं.

आधी बोट कुठे लागते ते पाहा. स्कोल्तेनच्या धक्क्याला लागली तर किल्ल्याच्या कडेने दहा-पंधरा मिनिटं चालत गेलं की तुम्ही थेट ब्रिग्गेन या जुन्या धक्क्याला पोचता. येक्तेविकेनच्या बाजूला लागली तर बंदराच्या हद्दीत पायी फिरू देत नाहीत, त्यामुळे शटल बस घ्यावी लागते.

उतरल्यावर आकाशाकडे नजर टाका. ढग वर असतील तर बाकी सगळं सोडून आधी फ्लॉयेनचा डोंगर गाठा. मासळी बाजारापासून दोन-तीन मिनिटांवर फ्लॉयबानेनचं स्टेशन आहे. दोरखंडाने ओढली जाणारी ही रेल्वे १९१८ पासून चालू आहे आणि काही मिनिटांत समुद्रसपाटीपासून ३२० मीटरवर नेते. वरून बंदर, लाल कौलं, बेटं आणि धक्क्याला लागलेली तुमची बोट असं सगळं एका नजरेत येतं. बंदरात दोन-तीन बोटी एकदम असल्या की दहानंतर रांग लांबते, म्हणून तिकीट आदल्या रात्री ऑनलाइन काढून ठेवा. गुडघे धड असतील तर उतरताना चालत या. झाडीतून वळणावळणाचा चांगला रस्ता आहे, पाऊण तास पुरतो.

पाऊस लागला तर दिवस वाया गेला असं समजू नका. बर्गेनमध्ये वर्षाकाठी साधारण मुंबईइतकाच पाऊस पडतो, पण आपल्याकडे जो चार महिन्यांत कोसळतो तो इथे बाराही महिने वाटून येतो. दोनशेहून जास्त दिवस पावसाचे असतात. गावकरी त्यासाठी कामं थांबवत नाहीत, तुम्हीही थांबू नका. वाऱ्यापुढे छत्रीचा निभाव लागत नाही. टोपीचं रेनकोट-जाकीट आणि न घसरणारे बूट आणा. ब्रिग्गेनच्या बोळांतल्या जमिनीच्या फळ्या ओल्या झाल्या की फार निसरड्या होतात. ज्येष्ठ मंडळींनी तिथे हात धरूनच चालावं.

आणि ब्रिग्गेनला मात्र घाई करू नका. पाण्यालगतच्या रंगीत लाकडी घरांसमोर फोटो काढून बहुतेक लोक पुढे जातात. खरी गंमत घरांच्या मधल्या अरुंद बोळांत आहे. १३६० च्या सुमारास हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे पेढी घातली, आणि ती जवळजवळ चारशे वर्षं चालली. उत्तरेकडून लोफोटेनचा सुकवलेला कॉड मासा यायचा, त्या बदल्यात धान्य जायचं. या माशाला मीठ लावत नाहीत, थंड वाऱ्यावर मांडवावर टांगून वाळवतात. आपल्या कोकणात बोंबील वलांडीवर घालतात, तोच हिशेब, फक्त उन्हाऐवजी थंडी. इथे राहणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि उमेदवारी करणाऱ्या पोरांना लग्न करायची मनाई होती. आगीच्या भीतीने या घरांत शेकोटीलाही बंदी होती, त्यामुळे शेकायला आणि जेवायला मागच्या वेगळ्या सभागृहात जावं लागे. एवढं जपूनही १७०२ मध्ये सगळं जळालं. पुन्हा बांधलं ते जुन्याच आराखड्यावर, आणि आज तुम्ही पाहता ती त्यानंतरची घरं. १९७९ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. खालची जमीन खचत असल्याने भिंती कललेल्या दिसतात, त्या तशाच आहेत.

१९५५ मध्ये पुन्हा आग लागली. जळलेल्या जागी खणताना मध्ययुगीन बर्गेन सापडलं, आणि त्याच जागेवर आता ब्रिग्गेन संग्रहालय उभं आहे. त्या खोदकामात रून लिपी कोरलेल्या शेकडो लाकडी पट्ट्या निघाल्या. कुठे मालाची चिठ्ठी, कुठे प्रार्थना. एका पट्टीवर एवढंच आहे: ‘गीदा म्हणते, घरी चल.’ आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुणालातरी पाठवलेला हा निरोप आम्हाला राजेरजवाड्यांच्या इतिहासाहून जवळचा वाटतो. पाऊस असेल तर हे संग्रहालय चुकवू नका.

संगीतकार एडवर्ड ग्रीग यांचं घर, त्रोल्डहाउगेन, शहराबाहेर आहे. ट्राम आणि मग बरंच चालणं, असा जाऊन-येऊन अर्धा दिवस जातो. तुमचा खास जीव असेल तरच जा, आणि मग डोंगर सोडून द्या.

खाण्याचं. मासळी बाजारात सॅमन, कोळंबी, माशाचं सूप ताजं मिळतं, पण महाग. तिथे देवमाशाचं मांसही विकायला असतं, तेव्हा विचारून घ्या. शाकाहारी मंडळींसाठी बेकरीतला दालचिनीचा पाव, स्किलिंग्सबोल्ले, हा या गावचाच पदार्थ. एक गरम घेतला की दोघांना कॉफीबरोबर पुरतो. पाणी विकत घेऊ नका, नळाचं उत्तम असतं. चलन क्रोनर, युरो नव्हे, पण कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, त्यामुळे पैसे बदलायची गरज नाही. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. तुमची सहल ब्रिटनमधून सुरू होत असेल तर तिथला व्हिसा वेगळा लागतो, हे बुकिंगच्या वेळीच आमच्याशी बोला.

जूनमध्ये इथे रात्री अकरापर्यंत उजेड असतो. उन्हाकडे पाहून वेळेचा अंदाज घेऊ नका, घड्याळ पाहा, आणि ते बोटीच्या वेळेला लावलेलं आहे ना हे उतरण्याआधी तपासा. स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी बोट थांबत नाही. परतीच्या ठरलेल्या वेळेआधी निदान एक तास धक्क्याकडे निघा. आदल्या रात्री केबिनमध्ये वेळापत्रकाचा कागद येतो, त्याचा फोटो आम्हाला पाठवा. कुठला धक्का आहे ते पाहून आधी डोंगर की आधी ब्रिग्गेन, ते आम्ही सकाळच्या नाश्त्यापूर्वी कळवू.