फळ्यावरच्या आठ ओळी : सीमाभागातील आत्मपरीक्षणाची पार्श्वभूमी

खानापूर तालुक्यातील एका गावी, देवळाला लागून असलेल्या सभामंडपात भरलेल्या महिला बचत गटाच्या मेळाव्याला मी गेल्या वर्षी हजर होतो. बेळगावहून आलेल्या व्याख्यात्यांनी ‘स्वतःला ओळखा’ या विषयासाठी फळ्यावर आठ ओळींचा तक्ता काढला होता. डावीकडे वय, मध्ये त्या वयातला मनाचा पेच आणि उजवीकडे तो सुटल्यावर मिळणारे बळ, अशी त्याची मांडणी होती. पाचव्या ओळीत १२ ते १८ या वयासमोर ‘स्वतःची ओळख’ असे लिहिले होते. मागच्या रांगेतल्या एका आज्जींनी त्या ओळीकडे बोट करून विचारले, ‘‘सर, माझं लगीन तेराव्या वर्षी झालं, सोळाव्याला पदरात पोर. त्या फळ्यावर मी कुठं बसायची?’’ मंडपात हशा पिकला. ‘‘चांगला प्रश्न आहे,’’ असे म्हणून सर सहाव्या ओळीकडे वळले.

तो तक्ता एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांचा होता आणि पाऊण शतकापूर्वी अमेरिकेत छापला गेला होता. माणसाचे आयुष्य टप्प्याटप्प्याने उलगडते आणि प्रत्येक टप्प्यावर त्याला स्वतःकडे नव्याने पाहावे लागते, ही कल्पना मात्र या भागात त्याच्या कितीतरी आधीपासून, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही वाटांनी, रुजलेली आहे. व्याख्यानात तिचा उल्लेख ‘आपल्याकडेही चार आश्रम होतेच’ एवढ्याच एका वाक्यात झाला. ते वाक्य तपासून पाहण्यासारखे आहे.

ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ आणि संन्यास हा क्रम आज आपल्याला जिन्याच्या पायऱ्यांसारखा वाटतो. जुन्या धर्मसूत्रांमध्ये तो तसा नाही. गौतम धर्मसूत्रात आश्रमांचा ‘विकल्प’ नोंदवलेला आहे. म्हणजे विद्याभ्यास संपल्यावर पुढची कोणती वाट धरायची, ही निवडीची बाब मानणारे आचार्य होते. मनुस्मृतीपर्यंत येता येता त्या निवडीचा क्रम झाला. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले आणि नातवंडाचे तोंड दिसले की गृहस्थाने वनाकडे निघावे, असे तिथे सांगितले आहे. तरीही जाबालोपनिषदातली ‘ज्या दिवशी विरक्ती येईल त्याच दिवशी घर सोडावे’ ही मोकळीक पुसली गेली नाही. शिवाय हा सारा विचार त्रैवर्णिक, म्हणजे वरच्या तीन वर्णांतल्या, पुरुषापुरता होता. खानापूरच्या आज्जींसारख्या स्त्रीला त्या तक्त्यातही स्वतःची ओळ सापडली नसती.

आश्रमांचा क्रम समाजाने किती कठोरपणे घेतला होता, हे मराठी भक्तिपरंपरेच्या उगमाशीच दिसते. परंपरेनुसार ज्ञानदेवांचे वडील विठ्ठलपंत यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला आणि गुरूंच्या आज्ञेवरून ते पुन्हा संसारात परतले. चौथ्या आश्रमातून दुसऱ्यात उतरणे शास्त्राला मान्य नव्हते, म्हणून त्यांचे घर वाळीत टाकले गेले आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही भावंडे ‘संन्याशाची पोरे’ म्हणून वाढली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी अशा घरातून आली. वारकरी पंथाने पुढे आश्रमाची अट बाजूला ठेवली, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही. तुकोबांनी ‘तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी’ असे म्हटले, तेव्हा त्यांनी संसार सोडलेला नव्हता.

कन्नड वाटेने आलेला विचार याहून वेगळा आहे. बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणात, बसवण्णा, अल्लमप्रभू आणि अक्कमहादेवी यांच्या भोवती जमलेल्या शरणांनी, म्हणजे शिवभक्तांनी, आत्मविकासाची सहा स्थले, म्हणजे टप्पे, मानली. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य अशी त्यांची नावे आहेत. या षट्स्थलाचा वयाशी काहीही संबंध नाही. विशीतली अक्का पुढच्या स्थलावर असू शकते आणि साठीतला गृहस्थ पहिल्याच स्थलावर. कायक म्हणजे रोजचे कष्टाचे काम सोडून पुढे जावे, अशीही अट नाही. मन्मथस्वामींनी ‘परमरहस्य’ मराठी ओव्यांत लिहून हा वीरशैव विचार मराठी बोलणाऱ्या लिंगायत घरांत पोहोचवला. सीमाभागात भाषेवरून जेवढे बोलले जाते, तेवढे या देवघेवीवर बोलले जात नाही.

एका माणसाचे आयुष्य जन्मापासून मरणापर्यंत सलग सांगून ‘यात तू कुठे आहेस ते पाहा’ असे विचारणारी मराठी मांडणी समर्थ रामदासांची आहे. दासबोधात २० दशक आणि २०० समास आहेत. त्यातल्या तिसऱ्या दशकात जन्मदुःखाच्या वर्णनानंतरच्या चार समासांना ‘स्वगुणपरीक्षा’ असे नाव आहे. आईवाचून दुसरे काही न ओळखणारे मूल मोठे होते, बायको आल्यावर आईला विसरते, कर्ज काढते, कमाईसाठी परमुलखात जाते आणि शेवटी घरच्यांनाच नकोसे होते. ‘लेकुरें उदंड जालीं । तों ते लक्ष्मी निघोन गेली’ ही ओवी त्यातलीच आहे. ज्यांच्याबद्दल ‘सावधान’ हा शब्द ऐकताच बोहल्यावरून पळाल्याची आख्यायिका सांगितली जाते, त्यांनी संसारी माणसाचे इतके बारीक चित्र काढावे, याची मला नेहमीच गंमत वाटते. या दशकाचा रोख वैराग्याकडे आहे, हे विसरून चालत नाही. रामदासांना माणसाची वाढ दाखवायची नव्हती, त्याचे गुंतणे दाखवायचे होते. मात्र दासबोधाचे वाचन ज्या घरांत चाले, तिथे ‘परीक्षा’ हा शब्द शाळेच्या आधी या अर्थाने कानावर पडत असे.

एकोणिसाव्या शतकात बेळगावात या प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. 1820 साली लंडन मिशनरी सोसायटीचे काम इथे सुरू झाले आणि मिशनची शाळा निघाली. त्या शाळेत शिकलेले, 1831 मध्ये बेळगावातच जन्मलेले बाबा पदमनजी यांनी 1854 मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पन्नाशी उलटल्यावर ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचरित्रांपैकी ते एक आहे. धर्मांतराबद्दल कोणाचे काहीही मत असो, मन कसे बदलत गेले याचा जबाब गद्यात, ‘मी’ या सर्वनामाने, वर्षवार लिहून ठेवण्याची रीत तिथे दिसते. अभंगातला ‘मी’ देवाशी बोलत होता, तर हा ‘मी’ अनोळखी वाचकाला उत्तर देत होता.

त्यानंतरचा एक प्रसंग मला या साऱ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो. ऑक्टोबर 1892 मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले आणि आधी वकील भाटे यांच्या घरी व नंतर वनाधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. शिकागोची परिषद अजून वर्षभर दूर होती आणि त्यांचे वय 29 होते. भाट्यांच्या मुलाने पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार, संन्यासी जेवणानंतर विडा आणि तंबाखू मागतो, हे पाहून घरातली मंडळी चपापली. त्यावर स्वामींनी दिलेला खुलासा साधा होता. गुरू भेटण्यापूर्वीचे आपले आयुष्य निराळे होते. गुरूंमुळे दृष्टी बदलली, तरी जुन्या काही सवयी सुटल्या नाहीत आणि त्या फारशा महत्त्वाच्या नसल्यामुळे आपण त्या राहू दिल्या. मागचा टप्पा पूर्णपणे संपत नाही, त्याचे काही ना काही अंगाला चिकटून पुढे येते, ही गोष्ट व्याख्यानांत क्वचितच इतकी सरळ सांगितली जाते.

या विषयाला विद्यापीठीय शिस्त लावण्याचे काम 1886 मध्ये जमखंडीत जन्मलेल्या गुरुदेव रा. द. रानडे यांनी केले. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि निंबर्गी संप्रदायाचे साधक या दोन भूमिका त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत. महाराष्ट्रातील संतांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1933 मध्ये निघाला. त्यात तुकोबांचे अभंग केवळ काव्य म्हणून न घेता, निराशेच्या काळोखातून साक्षात्काराकडे गेलेल्या एका मनाचा आलेख म्हणून लावले आहेत. त्यांनी कन्नड संतांवरही तितक्याच आस्थेने लिहिले. 1952 मध्ये त्यांनी बेळगावात स्थापन केलेली तौलनिक तत्त्वज्ञान आणि धर्म यांची अकादमी हिंदवाडीत आहे. तिथल्या शांत सभागृहात बसले की मराठी आणि कन्नड साधकांचे अनुभव एकाच मापाने पाहण्याचा हा प्रयत्न याच गावात का झाला असावा, ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता पुन्हा फळ्याकडे. एरिक्सन यांचा जन्म 1902 मध्ये जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला झाला. आई डॅनिश ज्यू होती आणि जन्मदाते वडील कोण, हे त्यांना कधीच कळले नाही. सावत्र वडिलांच्या नावाने ते वाढले, 1933 मध्ये अमेरिकेला गेले आणि 1939 मध्ये तिथले नागरिक होताना ‘एरिक्सन’ हे आडनाव त्यांनी स्वतःच घेतले. ‘ओळखीचा पेच’ (आयडेंटिटी क्रायसिस) हा शब्दप्रयोग रूढ करणाऱ्या माणसाचे स्वतःचे आयुष्यच दोन नावांच्या आणि दोन देशांच्या सीमेवर गेलेले होते. आपल्या भागात, जिथे मुलाला कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालायचे याचा निर्णय सहाव्या वर्षीच ओळखीचा निर्णय होऊन बसतो, हे समजायला अवघड नाही.

1950 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मूळ तक्त्याविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली म्हणजे त्यात वर्षांचे आकडे नव्हते, अवस्थांची नावे होती. आकडे पुढे पाठ्यपुस्तकांनी घातले आणि बी.एड.च्या परीक्षेत ते पाठ करून लिहिले जाऊ लागले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तो तक्ता आठ ओळींचा नव्हता, आठ उभ्या आणि आठ आडव्या अशा 64 घरांचा होता. कर्णावरची आठ घरे भरलेली आणि उरलेली 56 रिकामी होती. प्रत्येक प्रश्न प्रत्येक वयात कोणत्या ना कोणत्या रूपात असतोच, एवढेच की एखाद्या वयात तो ऐरणीवर येतो, असा त्या रिकाम्या घरांचा अर्थ आहे. फळ्यावर येताना ती 56 घरे गळून पडली. एरिक्सन 1962 मध्ये अहमदाबादला आले आणि 1918 च्या गिरणी संपातील गांधीजींवर त्यांनी 1969 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच सुमारास मनोविश्लेषक सुधीर कक्कर यांनी आश्रम आणि एरिक्सन यांच्या अवस्था शेजारी ठेवून अभ्यासल्या. ‘आपल्याकडेही होतेच’ हे वाक्य तेव्हापासून वापरून गुळगुळीत झाले असावे. आश्रम कर्तव्य सांगतात, स्थल साधना सांगते आणि एरिक्सन मनातला झगडा सांगतात. आकडा जुळला किंवा जोडी लागली, एवढ्याने या तिन्ही गोष्टी एक होत नाहीत.

बेळगावच्याच इंदिरा संत यांचे उदाहरण यातल्या एकाही कोष्टकात नीट बसत नाही. 1940 मध्ये पती ना. मा. संत यांच्यासह त्यांचा ‘सहवास’ हा संग्रह निघाला आणि 1946 मध्ये, त्या 32 वर्षांच्या असताना, पती गेले. बेळगावात अध्यापन करीत, मुले वाढवीत त्यांनी 1951 मध्ये ‘शेला’ दिला आणि पुढची अनेक वर्षे त्या लिहीत राहिल्या. ‘गर्भरेशीम’साठी 1984 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा त्या 70 वर्षांच्या होत्या. कोष्टकाच्या हिशेबाने विशी-तिशीतला जवळिकीचा प्रश्न त्यांच्या कवितेत पुढची कित्येक दशके जागा राहिला.

टप्पे मोजण्याची आपल्या घराघरांतली रीत मात्र आजही विधींचीच आहे. साठीला शांत करतात आणि हजार पौर्णिमा पाहिल्या की सहस्रचंद्रदर्शन. हा हिशेब 80 वर्षे आणि सुमारे 10 महिन्यांचा होतो. मेळाव्यातल्या त्या आज्जींचे सहस्रचंद्रदर्शन यंदा झाले. तारीख काढताना नातवाने आधार कार्ड पाहिले, तर त्यावर 1 जून ही जन्मतारीख होती. गावातल्या तिच्या वयाच्या निम्म्या लोकांची तीच आहे, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तर अंदाजाने तीच लिहीत. भटजींनी पंचांग मिटले आणि आज्जींनाच विचारले. ‘‘मास्तरनं घातलंय ते वय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘खरं कुणाला म्हाईत? करून टाका.’’