आधीचं पाणी पूर्ण निघाल्याशिवाय नवी बॅग भरू नका

आमच्याकडून सीएपीडीच्या, म्हणजे घरी पोटात पाणी भरून करायच्या डायलिसिसच्या बॅगा नेणाऱ्यांसाठी, आणि घरात जे एक्सचेंज (जुनं पाणी काढून नवीन भरणं) करून देतात त्यांनी तर नक्की वाचा.

"पोट टम्म झालंय, बॅग खराब आली, बदलून द्या" असे फोन सारखे येतात. आमचा डिलिव्हरीवाला रामबागेतून सुदामा नगरला बॅग घेऊन पोचतो आणि बघतो तर बॅग ठीक असते, आधीचं पाणीच पूर्ण निघालेलं नसतं. दोन लिटर भरलेलं, निघालं १२०० एमएल, आणि सकाळची घाई म्हणून वरून परत दोन लिटर सोडलं, म्हणजे पोटात झालं २८०० एमएल, त्यात बॅग ४.२५ टक्के साखरेची (डेक्स्ट्रोजची) असली की ती अंगातलं पाणी अजून ओढते. मग श्वास पुरत नाही, जेवण जात नाही, पाठ दुखते, आणि असा दाब राहिला तर बेंबीशी किंवा जांघेत हर्निया होऊ शकतो, कॅथेटरच्या (पोटात बसवलेल्या नळीच्या) बाजूने पाणी झिरपू शकतं.

म्हणून प्रत्येक ड्रेन बॅगचं (निघालेलं पाणी जमतं त्या बॅगेचं) वजन करा आणि वहीत लिहा, रिकाम्या बॅगेचं वजा करून एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. लटकवायचा काटा आमच्याकडे आहे, घरात असेल तर तोही चालेल. कमी निघालं तर आधी क्लॅम्प बघा, नळी कुठे दुमडली का बघा, बॅग खाली जमिनीवर ठेवा, पेशंटला कूस बदलायला लावा, थोडं उभं करा. आणि पोट साफ होतंय का ते विचाराच! आतडं भरलेलं असलं की कॅथेटर दाबला जातो किंवा जागेवरून सरकतो, वरून कुंथल्याने दाब अजून वाढतो, तेव्हा डॉक्टरांनी दिलेलं पोट साफ होण्याचं औषध चुकवू नका. तरीही निघत नसेल तर नवीन भरू नका, पीडी नर्सला (हॉस्पिटलातल्या या डायलिसिसच्या नर्सला) फोन करा.

आडवं असताना पोटातला दाब सगळ्यात कमी असतो, बसल्यावर सगळ्यात जास्त, उभं राहण्यापेक्षाही. म्हणून त्रास असलेल्यांना डॉक्टर बरेचदा रात्रीचं मशीन (झोपेत आपोआप पाणी भरणारं-काढणारं) सुचवतात, ते आमच्याकडे भाड्याने मिळतं.

बरेच जण रागावतात की मागितली तरी अडीच लिटरची किंवा ४.२५ ची बॅग आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही. आम्हाला विक्री नको असं नाही, पण हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. बॅगांचं खोकंही आमचा माणूस वरच्या मजल्यावर खोलीत नेऊन ठेवतो, त्याचे पैसे वेगळे नाहीत, भरल्या पोटाने पेशंटने ते उचलू नये एवढ्यासाठी.

बेंबीशी किंवा जांघेत फुगवटा, अंडकोषाला सूज, ड्रेसिंग ओलं, आडवं झाल्यावर धाप, पोटात दुखणं किंवा गढूळ पाणी, यातलं काहीही दिसलं तर आम्हाला नंतर, आधी हॉस्पिटलला फोन, त्याच दिवशी. गढूळ पाण्याची बॅग फेकू नका, तपासायला सोबत न्या.