ठिणगी दिसली म्हणजे मोटर जळाली?

सोसायटीत कुणी पडद्याचा रॉड लावायला ड्रिल काढलं की मागच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसतात आणि बघणारा हमखास म्हणतो, "गेली तुझी मोटर!" मग ते स्वस्तातलं ड्रिल माळ्यावर जातं, तिथून भंगारवाल्याकडे. बऱ्याचदा गेलेला असतो फक्त कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारा, घासून झिजणारा छोटा ठोकळा. मुंबईच्या नागदेवी किंवा लोहार चाळीत त्याची जोडी दोन-तीन वडापावच्या पैशांत मिळते.

छताच्या साध्या पंख्यात ठिणगी का नसते? ती इंडक्शन मोटर; तिच्या फिरत्या भागाला घासून वीज द्यावी लागत नाही. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर अशी मोटर मिनिटाला 3,000 फेऱ्यांपलीकडे जात नाही. ड्रिल-ग्राइंडरमध्ये असते युनिव्हर्सल मोटर. तिची फील्ड कॉइल (बाहेरची स्थिर कॉइल) आणि आर्मेचर (आतला फिरणारा, कॉइल गुंडाळलेला भाग) सिरीजमध्ये असतात, म्हणजे एकच प्रवाह दोन्हींतून जातो. घरातल्या एसी विजेची दिशा उलटली की दोन्हींचं चुंबकत्व एकदमच उलटतं, म्हणून फिरण्याची दिशा तीच राहते. आर्मेचर मिनिटाला 25-30 हजार फेरे मारू शकतं. पुढचे गिअर तो वेग उतरवतात.

त्या फिरत्या आर्मेचरला वीज पोचते कम्युटेटरवरून, म्हणजे तांब्याच्या सुट्या पट्ट्यांच्या कड्यावरून. त्यावर स्प्रिंगने दाबलेले दोन कार्बन घासत असतात. खरी गंमत इथेच आहे. कार्बन एका पट्टीवरून दुसरीवर सरकताना क्षणभर दोन्हींना टेकतो, मधली कॉइल शॉर्ट होते आणि तेवढ्यात तिच्यातला प्रवाह पूर्ण उलटा व्हावा लागतो. 30,000 फेरे म्हणजे सेकंदाला 500. पट्ट्या 24 धरल्या तर वेळ मिळाला सेकंदाचा बारा हजारावा भाग. कॉइल तर प्रवाहातल्या कुठल्याही बदलाला अडून बसते (इंडक्टन्स तो हाच). जो प्रवाह उलटायचा राहिला, तो पट्टी सुटताना हवेतून उडी मारतो. हीच ती ठिणगी. बारीक, निळी, कार्बनच्या कडेपुरती असेल तर खुशाल काम करा.

आधीच्या डायनॅमोंत (जुन्या वीजजनित्रांत) ब्रश, म्हणजे कम्युटेटरवर घासणारे हे तुकडे, तांब्याचे असत. 1880च्या दशकात जॉर्ज फोर्ब्स या अभियंत्यांनी कार्बन आणला. त्याचा जास्त रोध शॉर्ट झालेल्या कॉइलमधला प्रवाह आवरतो. शिवाय ग्राफाइट घसरतं छान, पण त्याला हवेतली वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांतले ब्रश कोरड्या हवेत काही तासांत भुगा होत. मुंबईची दमट हवा बेअरिंगला गंजवते, कार्बनला मात्र मानवते!

ठिणग्या पिवळ्या, लांब झाल्या तर आधी प्लग काढा आणि कार्बन बघा. पाच-सहा मिलिमीटरच उरला असेल तर स्प्रिंगचा दाब कमी पडतोय, दोन्ही बदला. आगीचं कडं कम्युटेटरभर फिरत असेल तर मल्टिमीटरने शेजारशेजारच्या पट्ट्यांमधला रोध मोजा. एकाच जोडीचा आकडा वेगळा आला तर आर्मेचरचं वाइंडिंग (त्याच्या कॉइल) गेलं, आणि स्वस्त ड्रिलला नवं आर्मेचर परवडत नाही. ड्रिल अजिबातच चालू होत नसेल तर मुठीपाशी तुटलेली वायर किंवा स्विच तपासा.

"तेलाचा स्प्रे मारा, मशीन नवं!" म्हणणाऱ्या व्हिडिओंच्या नादी लागू नका. तेलात कार्बनचा भुगा कालवला की वीजवाहक चिखल होतो. खंडेनवमीला पूजा जरूर करा, पण हळदकुंकू जाळीतून आत जाऊ देऊ नका. लिंबू-मिरचीने तर कार्बनची झीज थांबत नाही.

दुकानात जाताना जुना कार्बन सोबत न्या; मॉडेलचं नाव सांगून उपयोग होतोच असं नाही. नवा किंचित जाड निघाला तर बारीक पॉलिश पेपरवर घासा. होल्डरमध्ये तो अडकता कामा नये. बसवल्यावर पाचेक मिनिटं मशीन रिकामं फिरवा, कार्बनच्या तोंडाला कम्युटेटरची गोलाई येऊ द्या, मगच भिंतीला लावा.