'येस मिनिस्टर' जुनी का होत नाही

बीबीसी टूवर २५ फेब्रुवारी १९८० रोजी 'येस मिनिस्टर' या ब्रिटिश राजकीय विनोदी मालिकेचा पहिला भाग लागला. तिची मुळं मात्र १९६४पर्यंत जातात. त्या वर्षी हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारात रिचर्ड क्रॉसमन गृहनिर्माणमंत्री झाले. खात्यात कोण काय बोललं, सचिव डेम एव्हलिन शार्प यांच्याशी कुठे बिनसलं, सगळं ते डायरीत नोंदवत. १९७४मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी सरकार या डायऱ्या छापू नयेत म्हणून कोर्टात गेलं आणि हरलं. मंत्र्याच्या दालनात काय चालतं, ते ब्रिटिश वाचकाला इतक्या जवळून क्वचितच दिसलं होतं.

अँटनी जे आणि जोनाथन लिन या लेखकांच्या हाती ही खाण लागली. दोघांनी पूर्वी व्हिडिओ आर्ट्स या कंपनीसाठी कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणपट लिहिले होते, त्यामुळे साहेब आणि हाताखालची माणसं एकमेकांना कशी हाताळतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. विल्सन यांच्या कार्यालयात काम केलेल्या बर्नार्ड डोनह्यू आणि मार्शिया विल्यम्स यांच्याकडूनही त्यांना आतली माहिती मिळाली.

१९७९च्या निवडणुकीवर परिणाम नको म्हणून बीबीसीने मालिका मतदान होईपर्यंत रोखून धरली. मंत्री जिम हॅकरचा पक्ष कोणता, हे लेखकांनी कधीच सांगितलं नाही. माझ्या मते मालिकेच्या दीर्घायुष्याचं मुख्य कारण हेच. इथे झुंज दोन पक्षांची नाहीच. ती पुढच्या निवडणुकीपर्यंतचा मंत्री आणि निवृत्तीपर्यंतचा सचिव यांच्यातली आहे. सरकारं बदलली तरी ही मांडणी तशीच राहते.

१९८१मधला 'द कम्पॅशनेट सोसायटी' हा भाग पाहा. नवंकोरं रुग्णालय, प्रशासनात सुमारे ५०० माणसं, आणि रुग्ण एकही नाही. हॅकर हादरतो. त्याच्या खात्याचे सचिव सर हंफ्री शांतपणे समजावतात की रुग्ण नसले तरी कामं असतातच. हंफ्रींच्या भूमिकेतले नायजेल हॉथॉर्न हे इतक्या सरळ चेहऱ्याने बोलतात की क्षणभर आपल्यालाही पटतं! पॉल एडिंग्टन यांचा हॅकर निव्वळ मूर्ख नाही. त्याला खरंच काहीतरी चांगलं करायचं असतं, पण मतांची भीती आडवी येते. आणि दोघांच्या मध्ये डेरेक फाउल्ड्स यांनी साकारलेला मंत्र्याचा खासगी सचिव बर्नार्ड: निष्ठा मंत्र्याशी, बढती हंफ्रींच्या हातात.

मार्गारेट थॅचर यांची ही आवडती मालिका होती. १९८६ ते १९८८ या काळात 'येस, प्राइम मिनिस्टर' ही पुढची मालिका आली. दोन्ही मिळून ३८ भाग होतात. २००१मध्ये स्टार प्लसवर 'येस मिनिस्टर'चा हिंदी अवतार आला, 'जी मंत्रीजी'. त्यात फारूक शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव होते. लंडनची खाती दिल्लीत आली, तरी सचिव-मंत्र्यांचे डावपेच नव्याने रचावे लागले नाहीत, कारण आपली सचिवालयाची घडी ब्रिटिशांनीच घालून दिलेली आहे.