बेट साइझिंग (पॉट-लिमिट ओमाहा)

पॉट-लिमिट ओमाहा या पोकर-प्रकारात भक्कम हात (पानांची जुळणी) असताना पॉटच्या, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेच्या, किती पट रक्कम लावायची, याच्या निर्णयाला बेट साइझिंग म्हणतात. वरची मर्यादा नियमानेच बांधलेली असते. त्यामुळे निवड बहुधा पूर्ण पॉट, दोन तृतीयांश, अर्धा, एक तृतीयांश किंवा चेक (काही न लावता पुढे जाणे) यांतून केली जाते.

ओमाहात प्रत्येकाला चार पाने मिळतात. त्यांतली नेमकी दोन आणि पटावरच्या (मध्ये सर्वांसाठी उघड्या ठेवलेल्या) पाचांतली नेमकी तीन घेऊन हात बनतो. लास व्हेगासच्या गोल्डन नगेट कॅसिनोत हा खेळ 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आला. रॉबर्ट टर्नर यांनी तो तिथल्या पोकर-विभागाचे प्रमुख बिल बॉइड यांना दाखवला आणि सुरुवातीला तो ‘नगेट होल्डेम’ या नावाने चालला, एवढे बहुतेक लेखक मान्य करतात. त्याआधीचा प्रवास वादाचा आहे. नेब्रॅस्कातील ओमाहा शहराशी असलेला संबंध नावापुरताच असावा, असे काहींना वाटते. शिकागो, डेट्रॉइट, सिॲटल यांचीही नावे घेतली जातात. दोनच पाने वाटून ती दोन्ही वापरायला लावणारा ‘ग्रीक होल्डेम’ हा त्याचा पूर्वज, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. ‘नेमकी दोन’ ही अट तिथून सरळ आलेली दिसते.

कमाल रेझ (समोरच्या बेटहून जास्त लावणे) मोजताना आधी कॉलची (समोरच्या बेटइतकी) रक्कम पॉटमध्ये मिळवतात आणि होणाऱ्या बेरजेइतके वर वाढवतात. पॉट 100 आणि समोरची बेट 100 असेल, तर कॉल धरून पॉट 300 होतो; त्यावर 300 चढवून एकूण 400 लावता येतात. त्या फेरीत आपण आधी काही लावलेले नसेल तर झटपट हिशेब असा, की शेवटच्या बेटच्या तिप्पट अधिक त्या बेटच्या आधीचा पॉट. ब्लाइंड (दोन खेळाडूंनी पाने पाहण्याआधी भरायच्या सक्तीच्या रकमा) 50 व 100 असताना पहिल्या खेळाडूचे कमाल रेझ 350 येते. 2 व 5 च्या टेबलावर ते 17 यायला हवे. पण हिशेब सोपा व्हावा म्हणून काही कार्डरूम छोटा ब्लाइंडही 5 च धरतात आणि तिथे आकडा 20 होतो. बसण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. नो-लिमिटमध्ये डीलर पॉटची बेरीज सांगत नाही, पॉट-लिमिटमध्ये मागितल्यास सांगतो.

आकार ठरवताना पहिला आधार म्हणजे उरलेला स्टॅक (खेळाडूच्या चिपा) पॉटच्या किती पट आहे. पूर्ण पॉटची बेट कॉल झाली की पॉट तिप्पट होतो. म्हणून स्टॅक पॉटच्या 13 पट असेल, तर फ्लॉप (पटावरची पहिली तीन पाने), टर्न (चौथे) आणि रिव्हर (पाचवे) मिळून पूर्ण पॉटच्या तीन बेटमध्ये (1, 3, 9) तो बरोबर संपतो. 4 पट असेल तर दोनच बेट पुरतात. 6 पट असेल तर तिन्ही वेळा सुमारे दोन तृतीयांश लावले की रिव्हरवर शेवटची चिप आत जाते. फ्लॉपवर अर्धा पॉट लावून पुढे पूर्ण पॉट लावणाऱ्याचा 13 पट स्टॅक कधीच पूर्ण आत जात नाही, आणि नट (त्या पटावर शक्य असलेल्या सर्वांत मोठ्या) हातावर ही चूक सर्वांत महाग पडते.

फ्लॉपपूर्वी एक्क्यांच्या जोडीचे गणितही यावरच चालते. 2,70,725 संभाव्य हातांपैकी 6,961 हातांत किमान दोन एक्के असतात, म्हणजे सुमारे 2.6 टक्के. सर्वोत्तम हात कोणता, यावर दोन मते आहेत: दोन रंगांत जुळलेले एक्का-एक्का-राजा-राजा, किंवा तसेच जुळलेले एक्का-एक्का-गुलाम-दश्शी. बेटच्या दृष्टीने हा वाद गौण आहे. समजा स्टॅक 100 बिग ब्लाइंडचा (मोठ्या ब्लाइंडच्या 100 पट) आहे. पहिल्याने 3.5, बटणावरच्याने (डीलरच्या जागेवरच्याने) 12 आणि पहिल्याने पुन्हा 37.5 लावले. कॉल झाल्यावर पॉट 76.5 आणि मागे 62.5 उरतात. फ्लॉप कसाही येवो, बहुतेक वेळा उरलेले आत टाकता येतात. तेच स्टॅक 200 चे असतील तर मागे 162.5 राहतात, पॉटच्या दुपटीहून अधिक. समोरच्याला मात्र आपले एक्के कळलेले असतात. सुकी, जोडीविना एकाच रंगात न बसणारी पाने सोबत असतील तर इतक्या खोल स्टॅकवर नुसता कॉल बरा.

फ्लॉपवर ‘सेट आहे, पॉट लाव, ड्रॉवाल्यांना हाकल’ असा जुना सल्ला आहे. सेट म्हणजे हातातली जोडी आणि पटावरचे तसेच तिसरे पान; ड्रॉ म्हणजे एखाद्या पानाची वाट पाहणारा अपुरा हात. तो अर्धाच खरा. पट नव्वी-अठ्ठी-दुर्री आहे, आपल्याकडे नव्वीचा सेट आहे. समोर नुसता नऊ आउटचा (हात पूर्ण करणाऱ्या पानांचा) फ्लश ड्रॉ (एकाच रंगाच्या पाच पानांना एक कमी) असेल तर न दिसलेल्या 45 पानांत नऊ, म्हणजे पुढच्या पानावर 20 टक्के. कॉल परवडायला एक तृतीयांश पॉटला त्याला जिंकण्याची शक्यता नेमकी 20 टक्के लागते, अर्ध्या पॉटला 25, पूर्ण पॉटला 33. म्हणजे अर्धा पॉटसुद्धा त्याला महागच पडतो. पण समोर गुलाम-दश्शी-सत्ती-छक्की असेल तर राणी, गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की व पंजी मिळून 20 आउट होतात. त्यांतले 14 नट स्ट्रेट (सलग पाच पाने) देतात, गुलाम-दश्शीचे सहा देत नाहीत. पट जोडीचा झाल्यास आपले फुल हाउस (तीन आणि दोन सारखी पाने) होते हे धरूनही हा रॅप (असा अनेक आउटचा स्ट्रेट ड्रॉ) आपल्या सेटपुढे निम्म्याहून किंचित वरचढ ठरतो. त्याला कोणत्याही किमतीत हाकलता येत नाही. म्हणून मोठ्या बेटचे खरे काम पॉट वाढवणे हे आहे, संरक्षण त्यात थोडेच मिळते.

यातून दुसरा आधार निघतो: हात पुढच्या पानावर भक्कम राहील का? नव्वी-अठ्ठी-सत्तीवर गुलाम-दश्शी हा नट स्ट्रेट आहे; पण पटावर दोन बदाम असतील आणि आपल्याकडे बदाम नसतील, तर तोच स्ट्रेट आणि बदामाचा ड्रॉ घेऊन बसलेला खेळाडू फुकटात आपल्या स्टॅकवर डाव टाकतो: वाईटात वाईट झाले तर पॉट वाटला जातो. सेटवाल्याचा पट रिव्हरपर्यंत सुमारे 35 टक्के वेळा जोडीचा होतो. अशा उघड्या नटवर खोल स्टॅक असता मध्यम बेट लावून टर्न पाहावा, निरुपद्रवी पान आले की पूर्ण पॉट. हातात बदामाचा एक्का व आणखी एक बदाम असेल तर फ्लॉपवरच पूर्ण पॉट.

राजा-सत्ती-दुर्री अशा सुक्या (ड्रॉ कमी असलेल्या) तिरंगी पटावर, तसेच जोडीच्या किंवा एकाच रंगाच्या पटावर अलीकडे एक तृतीयांश ते अर्धा पॉट पसंत केला जातो. भक्कम हातालाच पॉट आणि कच्च्याला अर्धा, अशी सवय मात्र दोन तासांत टेबलाला कळते. पटानुसार आकार ठरवून सगळे हात त्याच आकारात खेळणे सुरक्षित.

पाच पानी ओमाहात दोन पानांच्या जोड्या सहाऐवजी दहा होतात, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाचा फ्लश वा मधला सेट यांवर पूर्ण पॉट लावणे बहुधा तोट्याचे. हा प्रकार भारतात ऑनलाइन विशेष रुजला होता. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाल्यावर मुख्यतः गोव्यात मांडवीवरील कॅसिनो-जहाजांसारखी टेबले उरली आहेत.